जो अडकेल त्याची भांडी

२३ मार्च, रविवार

लातूरला आलो. मायच्या जागी मी!

माय परवा न्हाणीत घसरली, उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. तिला गावाकडं, मुखेडला, अण्णांपाशी नेलं आणि इथं खोलीवर माझी रवानगी. अण्णा फोनवर म्हणाले, "दुसरं कुणी असतं तर तुला सांगितलं नसतं."

बरोबर हाय त्यांचं. आयटीआय सोडली. नांदेडचं मोबाईलचं दुकान सोडलं. उमरीच्या ढाब्यावर स्वयंपाक शिकलो, तो पण सोडला. हार्वेस्टरवर तेलंगणात गेलो ते निम्म्यातून परत. सोडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

काम एकच— सुकन्याला सांभाळायचं. धाकटी बहीण. चार मेला तिची नीट, डॉक्टरकीची परीक्षा. दुसऱ्यांदा देतेय आणि अण्णांनी सांगून टाकलंय की हे शेवटचं. म्हणजे दोन वर्षांचं सगळं त्या एका दुपारवर. तोवर मी डबा करायचा, कपडे धुवायचे आणि गप्प बसायचं. गप्प बसणं अवघड.

वही तिनंच दिली. क्लासच्या मॅडमनी टेन्शन जायला रोज लिहा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मला टाइम न्हाई. तू लिही, तुला टाइमच टाइम हाय."

२४ मार्च

डाळीला ढाब्याचा तडका दिला. सुकन्याच्या डोळ्यातून पाणी. मला वाटलं मायची आठवण. मिरची होती. उद्यापासून निम्मी.

२८ मार्च, शुक्रवार

ह्या इमारतीत नुसत्या मम्म्या राहतात. घर, शेत, नवरा मागं टाकून एकेका पोरासाठी एकेक खोली धरलेली. त्यांची नावं पण घरीच राहिलेली दिसतात. अक्षराची मम्मी, बसवंतची मम्मी, गंधारची मम्मी— अशाच हाका. दिवस कलला की सगळ्या गच्चीवर येतात, तांदूळ निवडतात आणि एकमेकींच्या पोरांचे मार्क काढतात.

आज मी पण ताट घेऊन गेलो. सगळ्या एकदम चिडीचूप. पोरगा मुलींच्या मजल्यावर राहतो म्हणून आधीच घरमालकानं दहा प्रश्न विचारलेले. मग गंधारची मम्मी— नांदेडला शाळेत शिकवतात, बिनपगारी रजा काढून आल्यात— सरकल्या आणि म्हणाल्या, "या, सुकन्याची मम्मी. बसा."

अशा हसल्या सगळ्या! तेच नाव पडलं. खाली उतरेपर्यंत दूधवाल्याला पण कळलं होतं.

पण अंधार पडायच्या आत मला काय काय कळलं! अक्षराच्या मम्मीचं रेणापूरला हरभऱ्याचं रान, नवरा एकटाच काढणी करतोय आणि रोज फोनवर भांडतो. दही कुठलं घ्यायचं. गॅसची टाकी कोण उसनी देतं. फिजिक्सचे सर कशानं चिडतात. सुकन्याला सांगितलं तर पेन खाली ठेवून बघायली. "दोन वर्षांत मायला पण ह्यातलं निम्मं माहीत न्हाई, दादा."

मायला माहीत नव्हतं ते मला! बरं वाटलं.

२ एप्रिल, बुधवार

क्लासवर त्या टेन्शनवाल्या मॅडम परत आल्या होत्या. एकेकाला उभं करून, आपलं एक बळ सांगा, एक कच्ची बाजू सांगा. सुकन्या उभी राहिली. कच्ची बाजू लगेच सांगितली. बळ म्हणलं की गप्प. मॅडम म्हणाल्या, बस, विचार कर. बसली ती अजून विचारच करतेय. जेवताना भाकरी हातात तशीच.

कच्ची बाजू काय ते मला आज नीट कळलं. पेपरात एखादं गणित अडलं की ती तिथंच बसते. पुढं जातच नाही. घड्याळ पळतं, हात थंड पडतात, मग येणारं पण येत नाही. मागच्या वर्षी हेच झालं. खोलीवर बसून सगळं येतं, पेपरात निम्मं.

मी म्हणलं, "मग टाकून पुढं जायचं. त्यात का हाय?"

"अर्धं टाकून उठायला नको वाटतं रे. कसं तरीच होतं."

मी आयुष्यात एवढ्या गोष्टी अर्ध्या टाकल्या, मला कधीच कसं तरी झालं नाही. एका मायची दोन लेकरं.

८ एप्रिल

ऊन. कूलरमध्ये पाणी टाकायचं विसरलो. दोनदा.

१३ एप्रिल, रविवार

आज मोठा घोळ घातला.

इथली एक रीत हाय. आई बाजारात निघाली की खोलीला बाहेरून कुलूप लावते. घरात कोणी नाही वाटलं की दार वाजवून पोराचा वेळ खायला कोणी येत नाही. मोबाईल पण आईच्या हातात. मायनं जाताना मला हे तीनदा बजावलं होतं.

दुपारी क्लासची मोठी टेस्ट होती. परीक्षेसारखीच, गेट बंद म्हणजे बंद. टेस्टच्या आधी दही-साखर पाहिजे, म्हणून मी कुलूप लावून दही आणायला गोलाईच्या बाजाराकडं गेलो. तिथं उद्याच्या जयंतीचा मांडव. लाइटच्या माळा लावायलते आणि अर्धी माळ पेटेचना. नांदेडला दोन सीझन मी हेच काम केलेलं. नुसतं सांगणार होतो. सांगता सांगता शिडीवर चढलो. सदरा काढून कठड्याला टांगला, त्यात मोबाईल. एक जोड सापडला, मग दुसरा. शेवटी सगळी कमान लखलख पेटली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, चहा आला. चहा पिताना खिशात हात गेला. किल्ली.

पळत आलो. दाराचा कोयंडा उचकटलेला, कुलूप तसंच लोंबतंय. गंधारची मम्मी वरवंटा घेऊन उभ्या. सुकन्या खाटेवर बसलेली, दप्तर पाठीला तसंच. क्लासचं गेट कधीच बंद झालं होतं.

दोघींनी माझ्या हातांकडं बघितलं. मग गंधारच्या मम्मीनं विचारलं, "दही आणलं का?"

नव्हतं आणलं.

१४ एप्रिल, सोमवार

काल दिवेलागणीला झोपली ती आज सकाळी उठली. एवढी झोपलेली तिला मी कित्येक महिन्यांत बघितली नाही. मी बॅग भरून ठेवली होती. वाटलं, उठली की हाकलणार.

उठून पाणी प्याली आणि म्हणाली, "दादा, टेस्ट बुडाली."

"हाव."

"आणि काहीच झालं न्हाई."

परत म्हणाली. "काहीच न्हाई झालं रे." जसं काही कोणी तिला नवीन बातमी सांगितली. मग चार भाकरी खाल्ल्या. मग मला शिव्या घातल्या. एवढ्या की शेजारच्या खोलीतली अक्षरा दारात येऊन ऐकत उभी.

मी म्हणलं, "अण्णांना सांगतो, दुसरं कोणी पाठवा. मी जातो."

"जा. तेच तर येतं तुला. उठून जायला लई भारी येतं, परत यायला येत न्हाई. दही आणायला गेलेला माणूस दही घेऊन परत येतो, एवढं साधं हाय ते."

लागलं मनाला. बॅग रिकामी केली.

१६ एप्रिल, बुधवार

सुकन्याचं डोकं! म्हणाली, तुझं टाकून उठणं मला पाहिजे आणि माझं चिकटून राहणं तुला. खेळ लावू.

ती फिजिक्सचा पेपर लावून बसणार. मी त्याच वेळी बाजारातून एक वस्तू आणायला जाणार. एकच वस्तू. एखाद्या प्रश्नावर ती अडून बसली की हरली. मी रस्त्यात कुठं थांबलो की मी हरलो. जो अडकेल त्याची भांडी. पंच म्हणून गंधार. अकरावीत हाय, बोलत काही नाही, पण गच्चीवरून माझ्यावर नजर आणि घड्याळावर नजर.

आज कोथिंबीर. जाताना ठीक. येताना एक म्हातारा सायकलवर आरसा घेऊन चालला होता, एवढा मोठा, की आरशात अख्खा रस्ता उलटा चाललेला. थोडाच वेळ बघितलं.

सुकन्या पण पहिल्याच पानावर अडकली. दोघांनी मिळून भांडी घासली.

१९ एप्रिल

आज आलं आणायचं होतं. मी हरलो. उसाच्या रसाच्या गाड्यावर दोघांचं भांडण चाललं होतं, मी मिटवलं. मिटवलं हे खरं, पण हरलो.

सुकन्यानं आज तीन प्रश्न टाकले. टाकताना तोंड असं केलं, जसं कोणी दाढ उपटतंय. पण टाकले. शेवटी त्यातले दोन परत येऊन केले. म्हणाली, "परत आल्यावर ते सोपे वाटले रे." नाचत पाणी प्यायला गेली.

२२ एप्रिल, मंगळवार

पुदिना आणायला निघालो आणि आनंदराजचा फोन. नांदेडचा दोस्त, ट्रकवर हाय. क्लीनर पळाला, उद्या गोव्याला निघतोय, चल. "समुद्र बघशील बे."

मी समुद्र बघितलेला नाही. बाजाराच्या मधोमध उभा राहिलो. पाय असे शिवशिवायले की काय सांगू. एकदा वाटलं, अक्षराची मम्मी करील की सुकन्याच्या दोन भाकरी जास्तीच्या. कोण मरतंय.

मग पुदिना घेतला. आनंदराजला सांगितलं, चार मेनंतर.

तो म्हणाला, "तब्येत बरी हाय ना तुझी?"

वर आलो तर गंधारनं घड्याळ दाखवलं. जिंकलो. सुकन्यानं एकटीनं भांडी घासली आणि मी शेजारी बसून पुदिन्याची चटणी वाटली. समुद्राचं तिला सांगितलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

शेवटची टेस्ट. कुलूप लावलं नाही, तीच म्हणाली लावू नको. दही कालच आणून ठेवलेलं.

पेपरात नऊ ठिकाणी पुढं गेली, पाच ठिकाणी परत आली. मार्क असे वाढले की गच्चीवर बसवंतच्या मम्मीनं मला विचारलं, कोणतं पुस्तक लावलं. मी म्हणलं, कोथिंबीर. त्या दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत.

सुकन्या गंधारच्या मम्मीजवळ बसली होती. तिचं तेच— मला बळ काही सापडत नाही. मास्तरीणबाई तांदळातला खडा काढत म्हणाल्या, "अगं, अडून बसतेस ते वाईट कशाला? दोन वर्षं एका खोलीत अडून बसलीस, पळाली न्हाईस. माझा गंधार दोनदा पळून नांदेडला आला होता. पेपरात फक्त ते अडणं आवर, बाकी राहू दे."

सुकन्यानं पण एक खडा काढला. मग म्हणाली, "गंधार पळून गेलता?" आणि हसायला लागली. गंधार कोपऱ्यात लालबुंद.

३ मे, शनिवार

सेंटर नांदेडला आलंय. पहाटेची एसटी. हॉलतिकीट, आधार, पाण्याची बाटली सुकन्याकडं. फोटो माझ्याकडं. माय फोनवर दहा वेळा तेच सांगते. अण्णांनी फोन घेतला, म्हणाले, "वैजू, तिला आत सोडेपर्यंत कुठं जाऊ नको." मी म्हणलं, बरं. ते म्हणाले, "न्हाई, मी खरंच सांगायलोय."

४ मे, रविवार

लई रात झाली. पण लिहितो.

शहराबाहेरची शाळा. वेळेच्या खूप आधी पोचलो. झाडाखाली बसलो, सगळं परत तपासलं. फोटो? हजेरीच्या कागदावर चिकटवायला एक लागतो. मी मोबाईलच्या कव्हरमागं ठेवला होता, चुरगळू नये म्हणून. कव्हर काढलं. नाही. मग आठवलं— परवा कव्हर फाटलं, गंधारनं त्याचं जुनं दिलं, फाटकं मी कचऱ्यात टाकलं. फोटोसकट.

माझ्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं. वाटलं, आता हिचे हात थंड पडणार. दीडला गेट बंद.

ती म्हणाली, "जा. एकच वस्तू."

रविवार, भर दुपार, स्टुडिओचं एक शटर उघडं नाही. पण नांदेड माझं हाय. रिक्षात बसता बसताच रिक्षावाल्याचं गाव विचारलं— मुखेडजवळचाच निघाला. वजिराबादच्या मागं शिवशंकर राहतो, लग्नात तो फोटो काढायचा आणि मी लाइट लावायचो. घरी फोटो छापायचं मशीन हाय त्याच्या. आमरस-पुरीवर बसला होता. ताटावरून उठवला.

"हात तरी धू दे की, बे."

"धू, पण चालत चालत धू."

सुकन्याचा फोटो मोबाईलमध्ये होता. मशीन गरम व्हायला वेळ लावायली, मी आमरसाच्या पातेल्याकडं पण बघितलं नाही. रिक्षावाला खालीच थांबलेला. दुसरं भाडं सोडलं, म्हणाला, "गावाकडची पोरगी हाय, कसं जाऊ."

येताना चौकात एक हार्वेस्टर आडवा अडकलेला. पुढं तारा, मागं टेम्पो, ड्रायव्हर डोकं धरून बसलेला आणि गर्दीतला एकेक माणूस चुकीचं सांगतोय. कसा काढायचा ते मला दिसत होतं. माझे हात आपोआप उठले. तिथंच माझा जुना मालक, मोबाईलच्या दुकानाचे व्यंकटराव. "वैज्या, तू हायस व्हय! ये रे, हे तुझं काम हाय!"

मी म्हणलं, "परत येतो, मालक."

रिक्षा बाजूच्या बोळातून काढायला लावली.

गेटवर पोचलो तर सुकन्या झाडाखाली मांडी घालून, डोळे मिटून, ओठ हलवत बसलेली. फोटो हातात दिला. म्हणलं, "घाबरली न्हाईस?"

"घाबरले. मग म्हणलं हा प्रश्न दादाचा हाय, मी पुढं जाते. केमिस्ट्री म्हणत बसले."

"मी येईन असं वाटलंतं का?"

"माहीत न्हवतं." आणि आत गेली. वळून बघितलं पण नाही.

गेट लागलं. मी तसाच उन्हात उभा. मग चौकात परत गेलो. म्हणलं होतं ना, परत येतो. हार्वेस्टर निघून गेला होता. व्यंकटराव होते. चहा पाजला.

पाचला पोरं बाहेर. निम्मी रडत. फिजिक्स लई बेकार आलंतं म्हणे. सुकन्या दिसेना. शेवटी आली.

"अडकलीस?"

"पहिल्याच प्रश्नाला. हात थंड पडायलते. मग म्हणलं, ह्याच्यापायी भांडी कुणी घासावी? पुढं गेले. खूप सोडले रे. पण हात थंड पडले न्हाईत."

भजे खाल्ले. तिनं दोन प्लेट, मी तीन. एसटीत ती खिडकीला डोकं लावून झोपली आणि मी कंडक्टरला सगळी हकीकत सांगितली. त्यानं पुढच्या सीटवरच्यांना सांगितली.

५ मे

दोघं झोपलो. भांडी तशीच.

२९ मे, गुरुवार

खोली सोडायला लातूरला आलो. सामान बांधत होतो तर गंधारच्या मम्मी आल्या. रजा संपली, शाळा सुरू होईल, जावं लागतंय. गंधारची बारावी आणि नीट अजून पुढं. दोन मिनिटं नुसता माझा कुकर पुसत बसल्या.

मग म्हणाल्या, "एक वर्ष गंधारचं बघता का? रीतसर पगार देते."

मी म्हणलं, "मॅडम, तेरा एप्रिलचं विसरलात का?"

"वरवंटा माझाच होता, कशी विसरीन?"

"तरी?"

"तरी म्हणजे काय? त्यानंतर रोज गच्चीवरून बघत होते ना. पुदिना हातात घेऊन रस्त्यानं पळत येणारा माणूस मी तरी दुसरा बघितला न्हाई."

हाव म्हणालो. एक वर्ष! माझ्या तोंडातून. आनंदराजला कळवलं. त्यानं पाच मिनिटांनी उलट फोन करून मायचा नंबर मागितला, खरं काय ते विचारायला.

१४ जून, शनिवार. मुखेड

रिझल्ट लागला. मार्क चांगले, पण एमबीबीएसला थोडक्यात हुकतंय. सरांचा फोन आला— अजून एक वर्ष, नक्की लागतं. माय तेच म्हणाली. शेवटचं म्हणणारे अण्णा पण म्हणाले, बस अजून एकदा. मी पण म्हणलं.

सुकन्या म्हणाली, "न्हाई. झालं माझं. ह्या मार्कांवर उदगीरला जनावरांच्या डॉक्टरचं लागंल. मला ते पाहिजे. कुणी विचारलंच न्हाई म्हणून सांगितलं न्हवतं."

माय माझ्याकडं बघायली, जसं काही मीच शिकवलं. अण्णांनी चप्पल पायात सरकवली. मग म्हणाले, "म्हैस सकाळधरनं चारा खाईना गेली. बघ जरा."

"अण्णा, अजून ॲडमिशन पण न्हाई झालं माझं."

तरी उठली आणि गोठ्याकडं गेली. अण्णा कंदील घेऊन तिच्या मागं.